तरवा जळतो म्हणजे काय?

मृग लागून पंधरवडा झाला की रत्नागिरीच्या आसपासच्या गावांत दाढीतला, म्हणजे भाताच्या रोपवाफ्यातला, तरवा वीतभर उंच होतो. लावणीची घाई असते, तरवा लवकर वाढायला हवा असतो, म्हणून एखाद्या संध्याकाळी दाढीवर युरिया फेकला जातो. हाताची मूठ सगळीकडे सारखी उघडत नाही. कुठे दाणे विरळ पडतात, कुठे एकाच जागी ढीग होतो. चार दिवसांनी पाहावे तर बाकीची दाढ काळपट हिरवी आणि मधेच परातीएवढा एक तुकडा पिवळा, शेंडे करपलेले. "खताने तरवा जळला," असे म्हणून माणसे पुढच्या कामाला लागतात.

अशा जागचे एखादे रोप उपटून त्याची मुळे धुऊन पाहावीत. शेजारच्या निरोगी रोपाची मुळे पांढरी, लांब, बारीक तंतूंनी भरलेली असतात. या रोपाची आखूड, तपकिरी आणि टोकाला बोथट. आगीने रोप गेले असते तर पान आधी गेले असते. इथे मूळ आधी गेले आहे आणि पान त्याच्या मागून. वनस्पतिशास्त्रात याला अमोनियमची विषबाधा म्हणतात. दाढीतला तो पिवळा तुकडा म्हणजे या विषबाधेचे अगदी ढळढळीत रूप. पण तेच दुखणे मंद रूपात, डोळ्यांना न दिसता, पूर्ण शेतात चालू असू शकते. कोकणात ते जास्त जाणवावे, याला कारण इथली माती आणि इथला पाऊस. त्यावरचा उतारा आपल्या घरात, चुलीच्या तोंडाशी आणि गोठ्याच्या माळ्यावर पडलेला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

युरियात ४६ टक्के नत्र असते. पण युरियाचा दाणा हा झाडाचा थेट घास नव्हे. ओल्या मातीत पडल्यावर युरिएज नावाचे विकर त्याचे दोन-चार दिवसांत विघटन करते आणि त्यातून अमोनियम तयार होते. हे होत असताना दाण्याभोवतीची माती थोडा काळ अल्कधर्मी होते. अल्कधर्मी ओलाव्यात काही अमोनियमचा अमोनिया वायू बनतो, आणि हा वायू कोवळ्या मुळाच्या पेशीत कुठल्याही दारावाचून शिरतो. परातीएवढा तुकडा मेला तो या पहिल्या तडाख्याने. पुढची गोष्ट अमोनियमची, आणि ती जास्त गुंतागुंतीची आहे.

झाडे नत्र दोन रूपांत घेतात: नायट्रेट आणि अमोनियम. वरकस जमिनीत, भाजीच्या वाफ्यात, आंब्याच्या आळ्यात हवा खेळती असते. तिथले जिवाणू अमोनियमचे काही दिवसांत नायट्रेट करून टाकतात आणि मुळांना दोन्ही मिळतात. नायट्रेट पचवणे महागाचे काम आहे. झाडाला ऊर्जा खर्च करून त्याचे पुन्हा अमोनियम करावे लागते, तेव्हा कुठे त्यातून प्रथिने घडतात. म्हणजे कागदावर हिशेब केला तर अमोनियम हे स्वस्त आणि सोपे अन्न ठरते. तरीही नुसते अमोनियम दिले की टोमॅटो, मिरची, घेवडा, जव अशी कित्येक पिके खुरटतात. ही विसंगती फार जुनी आहे. चार्ल्स डार्विनने अमोनियाच्या क्षाराचा काही वनस्पतींच्या मुळांवर काय परिणाम होतो यावर निबंध लिहिला, तो १८८२ सालचा. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये डार्विन गेला. माणसाच्या उत्पत्तीचा एवढा विचार केलेला हा शास्त्रज्ञ शेवटी शेवटी मुळांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता, हे मला फार मोलाचे वाटते.

अमोनियम मुळात शिरले की त्याला साठवून ठेवता येत नाही. नायट्रेट झाड पेशीच्या कोठीत निवांत ठेवू शकते. अमोनियम लगेच पचवावे लागते. ते पचवायला कार्बनचा सांगाडा लागतो, आणि तो येतो पानांनी बनवलेल्या साखरेतून. आषाढात चार-चार दिवस ऊन दिसत नाही तेव्हा पानांची कमाईच घटलेली असते. त्यात मुळांकडून साखरेची मागणी वाढली, की मूळ स्वतःच्या वाढीला मुकते. हरितगृहात भाजी करणारे लोक ढगाळ, थंड दिवसांत द्रवखतातले अमोनियम मुद्दाम कमी करतात, ते याच कारणाने. दुसरे असे, की धन भाराचा अमोनियमचा एक कण आत घेतला की मूळ बदल्यात आम्लाचा एक कण बाहेर सोडते. मुळालगतची माती आंबट होत जाते, आणि आपली माती तर मुळातच आंबट.

तिसरे कारण कळायला २००१ साल उजाडावे लागले. कॅनडातल्या हर्बर्ट क्रोनझुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जव आणि भात यांची मुळे शेजारी ठेवून पाहिली. अमोनियम भरपूर असले की जवाच्या मुळात ते धो-धो शिरते. मूळ ते पुन्हा बाहेर फेकण्यासाठी ऊर्जा खर्चत राहते, आणि बाहेर फेकलेले परत आत येते. होडीला भोक पडलेले असावे आणि माणूस रात्रभर पाणी उपसत राहावा, तशी जवाच्या मुळाची गत होते. श्वसन वाढते, साखर जळते, हाती काही लागत नाही. भाताच्या मुळात मात्र हे फारसे घडत नाही. भात आत येणाऱ्या अमोनियमला मुळाच्या वेशीवरच आवरतो.

भाताला हे जमते, कारण त्याचे आयुष्यच चिखलात जाते. खाचरात पाणी साठले की मातीतली हवा संपते. हवेविना अमोनियमचे नायट्रेट होत नाही, म्हणून भाताच्या मुळांना मिळणारे नत्र मुख्यतः अमोनियमच असते. हजारो वर्षे याच अन्नावर वाढलेले हे पीक. म्हणून कोणी म्हणेल, की मग भातशेतीत अमोनियमची काळजी कशाला? काळजी अशासाठी, की भाताची ही सहनशक्ती बिनशर्त नाही. तिला पालाशाची अट आहे.

पालाश, म्हणजे पोटॅशियम, आणि अमोनियम यांच्यात एक विलक्षण साम्य आहे. दोघांवरही एकेक धन भार असतो. पाण्यात विरघळल्यावर दोघांचे आकारमान जवळजवळ सारखे होते. मुळाच्या पेशीला पालाश आत घेण्यासाठी जी दारे आहेत त्यांना या दोघांतला फरक नीट ओळखता येत नाही. पालाशाची दारे ढोबळमानाने दोन जातींची आहेत. मातीत पालाश अगदी तुटपुंजा असतो तेव्हा थेंबथेंब ओढून घेणारे एक नेमके दार असते, आणि पालाश पुरेसा असतो तेव्हा उघडणारे दुसरे मोठे दार. अमोनियम अडवते ते पहिल्या दाराला. दुसऱ्यावर त्याचा फारसा जोर चालत नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्या शेतात पालाश आधीच कमी आहे तिथे झाड पहिल्याच दारावर अवलंबून असते, आणि नेमके तेच दार युरियातून आलेले अमोनियम बंद करते. पालाश भरपूर असेल तर दुसरे दार मोकळे असते आणि तेवढ्याच अमोनियमने काही बिघडत नाही. भातावर झालेल्या प्रयोगांत असेही दिसले आहे, की पालाश वाढवला की मुळातली अमोनियमची निष्फळ ये-जा कमी होते आणि घेतलेले नत्र अधिक चांगले पचते. नुसता युरिया वाढवून जे साधत नाही ते पालाश दिल्याने त्याच युरियातून साधते.

आता रत्नागिरीच्या मातीकडे येऊ. इतिहासात एक योगायोग आहे. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याचा दक्षिण भारताच्या प्रवासाचा वृत्तान्त लंडनमध्ये छापला गेला. मलबारात त्याने एक दगड पाहिला होता, जो जमिनीत असताना कोयत्याने कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो. विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याने त्याला लॅटराइट नाव दिले. तोच आपला जांभा. ज्याचे चिरे काढून आपल्या वाडवडिलांनी घरे, विहिरी आणि गडगे बांधले. त्याच १८०७ सालाच्या शरद ऋतूत, त्याच लंडनमध्ये, हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडला आणि एक चकाकणारा, पाण्यावर पेट घेणारा धातू जगात पहिल्यांदा वेगळा केला. पोटॅश या शब्दाचा मूळ अर्थ भांड्यातली राख: लाकडाची राख भांड्यात पाण्याने धुऊन काढलेला क्षार. म्हणून त्या धातूचे नाव पोटॅशियम. जांभ्याचे नाव आणि राखेतला धातू एकाच वर्षी, एकाच शहरात पुढे आले. आणि जांभ्याच्या मातीला मोठी उणीव आहे ती त्याच राखेतल्या धातूची.

उणीव का आहे? रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. लाखो वर्षांच्या अशा पावसाने खडकातले विरघळण्यासारखे सगळे धुऊन नेले, मागे राहिली लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे. जांभ्याचा तांबडा रंग हा त्या उरलेल्या लोहाचा. या मातीतल्या चिकणकणांवर पालाश धरून ठेवण्याच्या जागा फार थोड्या. घाटावरच्या काळ्या मातीचे कण घडीघडीचे असतात आणि त्यांच्यावर अन्नद्रव्यांना बसायला मुबलक जागा असते. इथे ती कोठारे नाहीत. वाण्याच्या दुकानात फळ्याच नसाव्यात आणि आलेला माल दारातूनच परत जावा, अशी या मातीची स्थिती आहे. त्यात युरियाचा मोठा हप्ता पडला की अमोनियम त्या थोड्या जागांवर बसते आणि आधी बसलेल्या पालाशाला खाली उतरवते. उतरलेला पालाश पुढच्या पावसाबरोबर वहाळात. म्हणजे नुसत्या युरियाने पालाशाची वाट दोनदा अडते: एकदा मुळाच्या दारात, एकदा मातीच्या कणावर.

या मातीत आपल्या आधीच्या पिढ्यांनी शतकानुशतके भात पिकवला तो कशावर? राबावर. पावसाळ्याआधी दाढीच्या जागेवर कवळ (झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या), पातेरा, शेण, गवत यांचे थर घालायचे, वर मातीचा पातळ पापुद्रा द्यायचा आणि सावकाश भाजायचे. आपल्याकडे त्याला भाजावळही म्हणतात. इंग्रज अधिकाऱ्यांना हा प्रकार रानटी वाटे. राबासाठी झाडे छाटली जातात म्हणून वनखात्याने निर्बंध घातले, ठाणे-कुलाबा भागात त्यावरून मोठा असंतोष झाला, आणि १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे राबाचा प्रश्न गाजला. १८८९ च्या अखेरीस भारतात आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी भारतीय शेतीवरच्या आपल्या अहवालात त्याची दखल घेतली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून हॅरॉल्ड मॅन, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी १९१२ च्या सुमारास राबाचा रासायनिक अभ्यास केला.

आजच्या ज्ञानाने पाहिले तर राबात काय घडते ते स्पष्ट आहे. उष्णतेने तणाचे बी आणि रोगजंतू मरतात. तापलेल्या मातीतल्या सेंद्रिय पदार्थातून अमोनियम सुटते. आणि कवळातला पालाश राखेत शिल्लक राहतो, कारण साध्या आगीत नत्र उडून जाते, पालाश बहुतेक तसाच मागे उरतो. अमोनियम आणि पालाश ही जोडी एकाच भाजणीत, एकाच वाफ्यात हजर. राब पुन्हा सुरू करा असे मी म्हणणार नाही. कोवळ्या तरव्यासाठी डोंगर बोडके करणे हा महागाचा व्यवहार होता, आणि कवळातले नत्र धुरात जात होते ते वेगळेच. पण जिथे राब बंद झाला तिथे आपण फक्त धूर बंद केला नाही. दाढीत दरवर्षी येणारा पालाशही बंद केला, आणि त्याच्या जागी पोत्यातून एकटा युरिया आणला.

दुसरी गळती त्याहून कमी लक्षात येते. भाताचे पीक जो पालाश घेते त्यातला सुमारे ऐंशी टक्के पेंढ्यात असतो. दाण्यात जातो तो थोडाच. एक टन पेंढ्यात साधारण १४ ते २० किलो पालाश असतो. हा पेंढा खाचरात राहत नाही. काही गुरांच्या तोंडी जातो, आणि शेण परत आले तर ते ठीक. पण गावोगावी गुरे कमी झाली आहेत. काही पेंढा विकला जातो. आणि चैत्र-वैशाखात पुष्कळसा आंब्याच्या आढीत आणि पेटीत जातो. हापूसची पेटी ट्रकमधून वाशीला निघते तेव्हा तिच्यात खाचरातला पालाश पेंढ्याच्या रूपाने बसलेला असतो. मुंबईत पेटी फुटते, आंबा खाल्ला जातो, पेंढा कचऱ्यात जातो. त्या पालाशाचे रत्नागिरीला परत येणे नाही.

या सगळ्याचे उत्तर एका मृदाशास्त्रज्ञाने मांडले आहे. डॉ. एन. के. सावंत यांनी अमेरिकेतल्या मसल शोल्स येथील आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात भाताच्या नत्रावर काम केले आणि आपल्या शेतकऱ्यांसाठी चारसूत्री भात लागवड तयार केली. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या आणि कृषी खात्याच्या प्रसारातून ती गावागावांत ऐकून माहीत आहे. पण चारही सूत्रे एकमेकांना कशी धरून आहेत हे समजून ती करणारे मला थोडे भेटले. बहुतेक जण खताची गोळी घेतात आणि बाकीची तीन सूत्रे सोडतात.

पहिले सूत्र पिकाच्या अवशेषांचे. दाढीत तरव्याच्या गादीवाफ्यावर दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची आणि खाचरात हेक्टरी दोन टनांच्या आसपास पेंढा चिखलणीच्या आधी गाडायचा. तुसाच्या राखेत मुख्यतः सिलिका, शिवाय थोडा पालाश. सिलिकाने रोपाचे खोड आणि पान कणखर होते, तुडतुडे आणि करपा यांना ते सहज बळी पडत नाही. पेंढ्यातला पालाश पाण्यात विरघळणारा असल्याने पेंढा पूर्ण कुजायचीही वाट पाहावी लागत नाही. तो भिजला की पालाश सुटू लागतो. दुसरे सूत्र गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवायचे. बांधावर गिरिपुष्पाची खुंटे लावली की तीच कवळ, फक्त डोंगरावरून आणायची नाही आणि भाजायची नाही.

तिसरे सूत्र नियंत्रित लावणीचे, आणि चौथे ब्रिकेटचे, म्हणजे खताच्या गोळीचे. ही दोन एकत्रच समजून घ्यावीत, कारण अमोनियमच्या विषबाधेवरची सगळी युक्ती इथे आहे. दोरी धरून १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावणी केली की दर चार चुडांचा (रोपांच्या जुड्यांचा) १५ सेंटिमीटरचा एक चौकोन तयार होतो. त्या चौकोनाच्या मध्यात ७ ते १० सेंटिमीटर खोल, युरिया आणि डीएपी ६०:४० प्रमाणात दाबून केलेली २.७ ग्रॅमची एक गोळी खोचायची. एका चौकोनाच्या वाट्याला ४० बाय ४० सेंटिमीटर जागा येते, म्हणजे हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजनाने जेमतेम १७० किलो.

गोळीच्या आसपास अमोनियमची तीव्रता इतकी असते, की तिथे मूळ आले तर ते जगणार नाही. पण चौकोनाच्या मध्यापासून प्रत्येक चूड साडेदहा सेंटिमीटर लांब आहे, आणि गोळी चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खाली. लावणीच्या पहिल्या दिवसांत मुळे तिथवर पोचत नाहीत. दरम्यान अमोनियम चिखलातून हळूहळू चारी बाजूंना पसरत जाते, कडेला सौम्य होत जाते, आणि वाढत आलेल्या मुळांना ते झेपेल अशा प्रमाणात भेटते. तरव्याच्या दाढीत एका जागी पडलेला युरिया मारतो आणि खाचरात एका जागी ठेवलेला युरिया पोसतो, हा फरक केवळ साडेदहा सेंटिमीटरचा आणि खोलीचा आहे.

खोलीचे कारण आणखी एक. खाचराच्या चिखलावरचा पातळसा थर हवेशी लागून असतो. तिथे अमोनियमचे नायट्रेट होते, ते खाली झिरपले की हवा नसलेल्या थरात त्याचा नत्रवायू बनून उडून जातो. वर फेकलेल्या युरियाचा काही भाग पावसाच्या पाण्याबरोबर बांधावरून वाहतो, काही अमोनिया होऊन हवेत जातो. खोल ठेवलेले अमोनियम हवेविना अमोनियमच राहते आणि भाताला तेच हवे असते. बांगलादेशात हीच पद्धत गुटी युरिया या नावाने पुष्कळ पसरली. आपल्याकडे ती मजुरांच्या टंचाईत अडकते; लावणीला माणसे मिळत नाहीत तिथे गोळी खोचायला कोण येणार, हा प्रश्न खरा आहे. माझे मत असे, की सगळे शेत जमत नसेल तर घराजवळचे एक खाचर तरी असे करावे. शेजारी दुसरे फेकीव युरियाचे असावे. मग पुढच्या वर्षीचा निर्णय स्वतःच्या डोळ्यांनी घेता येईल.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. ६०:४० च्या या गोळीत पालाश अजिबात नाही. तो पहिल्या दोन सूत्रांतून यायचा असतो. ज्यांनी फक्त गोळी घेतली आणि पेंढा विकून टाकला त्यांनी नत्राचे नुकसान थांबवले, पण मुळाच्या दारातली चणचण तशीच ठेवली. कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अन्नपूर्णा ब्रिकेटमध्ये ३४:१४:६ अशा प्रमाणात पालाशही घातलेला आहे, तो याच उणिवेसाठी. गोळ्याच नसतील तर कोकणातल्या सुधारित भातासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही शिफारस आहे. त्यातले ५० किलो पालाश हे ऐच्छिक नाही.

बागायतीत ही समज थोडी आधीपासून आहे. नारळाला वर्षाला अर्धा किलो नत्र आणि त्याच्या दुपटीहून जास्त, १२०० ग्रॅम, पालाश द्यावा असे कासरगोडची केंद्रीय लागवडी पिके संशोधन संस्था सांगते. आळ्यात नारळाची सोडणे पुरायची जुनी पद्धत त्याच वाटेने जाते, कारण सोडणांत पालाश भरलेला असतो. दहा वर्षांवरच्या हापूसच्या कलमाला दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश अशी मात्रा ठरलेली आहे. फळ वाटाण्याएवढे, गोटीएवढे आणि अंड्याएवढे असताना एक टक्का पोटॅशियम नायट्रेटच्या फवारण्या करतात. त्यांत पालाश आहे आणि सोबतचे नत्र नायट्रेटच्या रूपातले आहे, म्हणजे दारावरची झटापटच नाही. उलट कलमाच्या बुंध्याशी कच्चे शेणखत किंवा ताजे कोंबडखत घातले की कलम मान टाकते, आणि लोक म्हणतात खत गरम पडले. ती गरमीही बरीचशी अमोनियाचीच असते.

शेतात पालाशाची उणीव ओळखता येते. भाताचे पीक गडद हिरवे, जरा जास्तच हिरवे दिसते, आणि आपण समाधानी होतो. पण खालची जुनी पाने पाहावीत: टोकाकडून आणि कडांनी पिवळट तपकिरी होत आलेली, कधी तांबूस ठिपके. झाड पालाश जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, म्हणून दुखणे आधी तळाशी दिसते. अशा पिकावर करपा आणि कडाकरपा लवकर चढतो, दाणा पोचट राहतो, आणि आश्विनातल्या वाऱ्याला ते लोळते. भात लोळला की आपण वाऱ्याला दोष देतो.

नुसत्या युरियाकडे माणसे का वळतात हेही स्वच्छ आहे. ४५ किलोचे पोते सरकारी दराने २६६ रुपये ५० पैशांना मिळते. एप्रिल २०१० मध्ये खतांचे नवे अनुदान धोरण आले, त्यात युरियाचा दर बांधलेलाच राहिला आणि स्फुरद-पालाशाची खते महाग झाली. आपल्या देशात पोटॅशच्या खाणी चालत नाहीत, शेतीला लागणारे जवळजवळ सगळे पोटॅश बाहेरून येते. मिठासारखे पांढरे दाणे स्वस्तात मिळत असताना शेतकऱ्याने तेच जास्त घातले, याचा दोष मी त्याला देत नाही. पण दोन गुंठ्यांच्या तुकड्यावर जगणाऱ्या माणसाला महागाचे पोते परवडत नसेल, तर त्याच्या हातचा पालाश जायला नको. चुलीची राख, तुसाची राख, पेंढा, सोडणे, केळीचे खुंट, गिरिपुष्प, हे सगळे पालाशच आहे.

राख वापरताना एक खबरदारी घ्यावी. ती अल्कधर्मी असते. राख आणि युरिया एकाच टोपलीत कालवू नयेत, एकाच दिवशी एकाच जागी घालू नयेत. नत्र अमोनिया होऊन उडून जाईल आणि तो वायू तरव्याला लागेल. राख दाढ तयार करतानाच मातीत मिसळावी. युरिया द्यायचाच तर नंतर, थोडा, ओल्या मातीत, दोन हप्त्यांत द्यावा. फेकण्याआधी तो चाळलेल्या कोरड्या मातीत मिसळावा, म्हणजे मूठ कुठेही उघडली तरी ढीग पडणार नाही.

येत्या पावसात लावणीला जाताना दाढीतली दोन रोपे उपटून त्यांची मुळे धुऊन पाहा. आणि झोडणी झाल्यावर पेंढ्याचा व्यवहार ठरवताना, निम्मा तरी पेंढा ज्या खाचरातून आला त्या खाचरासाठी बाजूला काढून ठेवा.